निम्म्या किमतीची कादंबरी

शिंपीणबाई ठणकणारी दाढ धरून दातांच्या दवाखान्यात बसल्या होत्या. शेजारच्या आजींनी समोरच्या फडताळातून एक कादंबरी काढून आजोबांपुढे धरली.

"अहो, ही तीच ना? रद्दीवाल्याने शेवटची पानं नाहीत म्हणून निम्म्या किमतीत दिलेली?"

"तीच. ठेव ती जागेवर."

"ही अख्खी आहे. शेवट बघू तरी."

"मी सहा वेळा लिहिलाय शेवट. मला नको आता दुसऱ्याचा."

"सहा वेळा मी लिहायला लावला म्हणून. पहिल्या खेपेला सगळ्यांना मारून मोकळे झाला होतात."

"घाई झाली होती जरा."

"बाई, तुमचा नंबर," कंपाउंडरने हाक मारली.

"मागच्यांना सोडा आधी," शिंपीणबाई गाल दाबत, कान आजींकडेच ठेवून म्हणाल्या.

आजींनी शेवटची पानं वाचून पुस्तक मिटलं.

"काय झालं गं?" आजोबांना राहवलं नाही.

"तुमचा तिसरा खर्डा आठवतो? ती घर विकते आणि रिकाम्या खोलीत पत्र लिहीत बसते, तो? रडका म्हणून मी फाडायला लावलेला?"

"त्याचं काय?"

"हुबेहूब तोच आहे."

आजोबा ताठ बसले. "बघ. मी तेव्हाच म्हणत होतो."

"म्हणत काय होतात? या लेखकाला घरात सांगणारं कोणी नव्हतं, एवढंच."