आत असेल त्यानं गावं

...नाही, पण मी म्हणतो, बाटली भरलेली जाते आणि भरलेलीच परत येते, म्हणजे माणसानं समजायचं काय? तुम्हीच सांगा! माझी नात, पहिलीतली, एवढीशी, सकाळी पाण्याची बाटली गळ्यात अडकवून शाळेत जाते, दुपारी पोट धरून घरी येते, दप्तर फेकते आणि धूम... कुठं धूम ते कळलंच तुम्हाला, हसताय म्हणजे! विचारलं तर म्हणते, "आजोबा, शाळेच्या संडासाला कडीच नाही. आत असेल त्यानं गाणं म्हणायचं, असा बाईंचा नियम आहे. मला नाही येत गाणं. म्हणून मी पाणीच पीत नाही."

आता तुम्हाला सांगतो, मी जन्माचा सुतार. शिकलो चारच यत्ता, पण दारं बसवली हजार. घेतला स्क्रू ड्रायव्हर, चार स्क्रू, एक कडी, पाच मिनिटांत काम फत्ते! दुसऱ्या दिवशी कडी गायब. मुख्याध्यापिका बाई चष्मा नाकावर सारत म्हणतात, "तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, आजोबा, पण सरकारी दाराला खाजगी कडी चालत नाही. धोरणात बसायला हवं!" घ्या! म्हणजे कडी दारात बसवायची, तर आधी धोरणात बसवा!

निघालो. दीडशे सह्या गोळा केल्या. आमच्या न्हाव्यानं तर गिऱ्हाइकाची अर्धी दाढी करून वस्तरा थांबवला, "आधी सही, मग उरलेला गाल!" नगरसेवक म्हणाले, "शंभर टक्के बरोबर!" आणि माझ्या हातातली कडी स्वतः धरून फोटो काढून घेतला. कचेरीतले साहेब म्हणाले, "शंभर टक्के बरोबर! अर्ज ठेवून जा." अहो, सगळ्यांनाच जर पटलंय, तर अडलंय कुणाचं? नातीचं! सकाळी सातपासून!

आठ महिने चकरा मारल्या. मग एक दिवस... खोटं कशाला बोलू, खोड जुनीच... साहेबांच्या खास संडासाची कडी माझ्या खिशात येऊन पडली. कशी, ते विचारू नका. थोड्या वेळानं साहेब आत गेले. शिपाई नेमका चहाला. मी आपला दाराला हळूच हात लावला. आतून हाक, "आहे! आहे! आत माणूस आहे!" मी म्हटलं, "असं नाही, साहेब. गाणं म्हणा. शाळेत हीच पद्धत आहे!"

आणि गायले हो साहेब! एक पाय दाराला टेकवून, अस्सा सूर लावला की, अख्खी कचेरी टेबलं सोडून गोळा झाली!

महिन्याच्या आत हुकूम निघाला, सगळ्या शाळांना कड्या. मी कॉलर ताठ करून शाळेत गेलो बघायला. काय कडी हो! नवी कोरी, चकचकीत... आणि बरोब्बर माझ्या नाकासमोर! खाली नात टाचा उंचावून उभी, हात पोचतोय कुठं?

पळालो साहेबांकडे. ते म्हणतात, "नियमाप्रमाणेच बसवलीय. नियमात दाराची उंची आहे, मुलांची नाही."

"मग?"

"नवा अर्ज करा. दोनतीन वर्षं लागतील. पण काळजी कशाला, आजोबा? तोवर हात पोचेल की तिचा!"

"आणि तेव्हा जी पहिलीत असतील, त्यांचं काय?"

"त्यांनाही आजोबा असतीलच की!"

अर्ज ठेवला टेबलावर आणि जन्मात पहिल्यांदा मीच म्हटलं, "तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, साहेब!" घरी आलो आणि नातीला गाणं शिकवायला बसलो. पोरीचा आवाज माझ्यावर गेलाय... चला, निदान दाराजवळ कुणी फिरकणार तरी नाही!