धाकटीच्या गाडीचा लहान टर्बो

नाव: सोबतच्या ओळखपत्राप्रमाणे, सगळे पानामावशी म्हणतात. वय: ५८ वर्षे. धंदा: मोटार गॅरेज. राहणार: गॅरेजच्या वरची खोली, लोखंडी जिन्याने.

मी समक्ष ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते व एकतीस वर्षे गॅरेज चालवते. ट्रॅकवर हौसेने गाडी पळवणाऱ्यांची इंजिने मी बांधून देते. माझ्याविरुद्ध अर्ज देणाऱ्याचे टायरचे दुकान आहे. त्याला व त्याच्या बहिणीला मी ती दोघे शाळेत होती तेव्हापासून ओळखते. रक्ताचे नाते नाही, पण दोघे मला मावशी म्हणतात. मी त्यांना थोरला आणि धाकटी म्हणते. जबाबातही तसेच लिहावे.

धाकटी दातांची डॉक्टर आहे. तीन महिन्यांपूर्वी तिने एक जुनी, छोटी गाडी आणून माझ्या दारात उभी केली व ट्रॅकवर चालवायला शिकायचे आहे असे सांगितले. हे मध्येच कुठून सुचले, असे मी विचारले. दिवसभर लोकांना आ करा, आ करा म्हणून कंटाळा आला, असे ती म्हणाली. गाडी अंगाने हलकी, पण इंजिन अगदीच मवाळ होते. सबब टर्बो बसवण्याचे ठरले.

टर्बो म्हणजे काय, असे साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, तो शंखाच्या आकाराचा, लोखंडाचा भाग असतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने त्यातली फिरकी फिरते व इंजिनात जास्त हवा कोंबते. हवा जास्त, तर ताकद जास्त. लहान टर्बोची फिरकी हलकी असल्याने लगेच फिरते. पाय दाबला की गाडी ऐकते, मात्र फार वेगात त्याचा दम संपतो. मोठ्याची फिरकी जड असते. पाय दाबला तरी तो आधी ढिम्म राहतो, मग एकदम जागा होतो आणि सगळी ताकद एका क्षणात चाकांवर टाकतो. मुरलेल्या माणसाला ते कळते. नवशिका नेमका वळणात असतो.

म्हणून मी लहान टर्बो सुचवला. धाकटीला पटले. दुसऱ्या दिवशी दुपारी थोरला मोठा टर्बो फडक्यात गुंडाळून घेऊन आला. स्वतः घासूनपुसून लख्ख केलेला होता. धाकटीच्या गाडीला हाच बसवायचा, असे त्याने सांगितले. मी दोनदा नाही म्हटले. “माझी बहीण आहे, तिला कमी कशाला?” असे तो म्हणाला. हौसेपुढे कोणाचे काही चालत नाही.

सदर टर्बो माझ्या ओळखीचा होता. सहा वर्षांपूर्वी थोरल्याच्या गाडीला तो मीच बसवला होता. तेव्हा थोरलाही नवशिका होता. त्याने मोठा मागितला, मी मोठा दिला. तिसऱ्या फेरीत डावे वळण संपता संपता गाडी गरकन फिरली व भिंतीवर गेली. थोरल्याच्या पायात सळी आहे. त्यानंतर त्याने टर्बो काढून घेतला, गाडी झाकून ठेवली आणि ट्रॅककडे फिरकला नाही. माझाच पाय जड पडला, असे तो सगळ्यांना सांगतो. मला कधी एका शब्दाने बोलला नाही. याबाबत मला अधिक सांगायचे नाही.

मी धाकटीला बोलावून घेतले. ती म्हणाली की, दादा सहा वर्षांनी गाडीबद्दल बोलतोय, त्याला नाही कसे म्हणायचे. मग आम्ही दोघींनी मिळून लहान टर्बो बसवला व थोरल्याला सांगितले नाही. मोठा टर्बो मी वरच्या खोलीत, पलंगाखाली ठेवला. माझा हेतू चोरीचा नव्हता, लपवण्याचा होता.

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास आम्ही तिघे ट्रॅकवर गेलो. धाकटीने सहा फेऱ्या घेतल्या. वेग बेताचा, पण एकदाही गाडी रेषेबाहेर गेली नाही. थोरला कठड्याला टेकून पाहत होता. मग त्याने चावी मागितली. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. त्याने दोन फेऱ्या मारल्या आणि उतरला तो हसतच. “बघ मावशी, मोठाच हवा होता,” असे म्हणाला. आम्ही मान डोलावली. तेवढ्यात तिथला झेंडे दाखवणारा कर्मचारी आला व एवढ्याशा टर्बोने गाडी काय सुरेख बांधलीत, असे माझे कौतुक करू लागला. उचलली जीभ, दुसरे काय. थोरल्याने बॉनेट उघडून पाहिले. बॉनेट लावून तो रिक्षाने गेला. टर्बो चोरीस गेल्याचा त्याचा अर्ज त्याच दुपारचा आहे.

आज सकाळी साडेआठला थोरला गॅरेजमध्ये आला. मी टर्बो खाली आणून त्याच्यासमोर ठेवला व वरील सर्व हकीकत सांगितली. त्याने टर्बोला हात लावला नाही. “तेव्हा मला लहान बसवला असतास, तर?” असे त्याने विचारले.

मी म्हटले, “ठाऊक नाही रे. पण किती दिवस चालवतोयस, एवढं तरी तुला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.” सहा वर्षांत हे मी त्याला प्रथमच बोलले.

मी पाना पुसत बसले. तो स्वच्छच होता.

मग तो म्हणाला, “आता विचार.”

मी विचारले, “किती दिवस चालवतोयस?”

“दोन फेऱ्या झाल्यात,” असे तो म्हणाला.

सबब त्याच्याही गाडीला लहान टर्बो बसवण्याचे मी कबूल केले आहे. तो अर्ज मागे घेण्यासाठी बाहेर बाकावर बसला आहे.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. एका ठिकाणी टर्बोऐवजी टेबल लिहिले गेले होते, ते माझ्यासमोर दुरुस्त केले. बाकी मी बोलले तसेच उतरले आहे, म्हणून सही करते.