उपाशीपोटी घेतलेला चहा

बातमी दाबल्याचा आरोप माझ्यावर कुणी करू नये. आयुष्यात एकच दाबली, ती माझी स्वतःची.

पन्नाशी ओलांडल्यावर डॉक्टरांनी मला कोलेस्टेरॉल तपासायला लावलं. चंद्रपुरातल्या एका लॅबने दिलेला आकडा बघून माझं डोकंच फिरलं. दुसऱ्याच सकाळी रिपोर्ट घेऊन मी तिथे धडकलो. रक्त द्यायला आलेल्यांनी बाकं भरली होती. त्यांच्यासमोरच मी लॅबवाल्याला धरलं.

"बोगस रिपोर्ट देता? उद्याच्या पेपरात छापतो!"

"भाऊ, उपाशीपोटी आले होते ना?"

"अन्नाचा कण नव्हता पोटात. फक्त चहा घेतला होता, मलाई मारके."

"मंग उपाशी कायचे? दूध-साखर गेली ना पोटात!"

"चहाला खाणं म्हणतात का?" मी बाकांकडे वळलो. "तुम्हीच सांगा!"

गडचिरोलीहून पहिल्या बसने आलेली एक म्हातारी माझ्या बाजूने उभी राहिली. "बराबर बोलले भाऊ. चायनं कुठी उपास मोडते? मी बी पेऊनच आली."

"मी बी," मागून तिघं-चौघं म्हणाले.

लॅबवाल्याने हातातली सुई खाली ठेवली. "चाय पेलेल्या सगळ्यायनं उद्या या. आज रक्त घेत नाई."

बाकं रिकामी होऊ लागली. मला कुणाकडे बघवेना. म्हातारी पिशवी उचलून माझ्यासमोर येऊन थांबली.

"पेपरवाले भाऊ, आता हे बी छापजा. अन् बस सुटेपर्यंत चाय तरी पाजा."