मामंजींची फटफटी आणि माझा उजवा पाय

…आणि वर हे मलाच म्हणतात, "तुझा देव एवढा जागृत आहे ना, मग त्यालाच पाठव की रांगेत!" आता काय बोलायचं माणसानं? तुम्हीच सांगा! फटफटी परदेशात आणा असं मी का म्हटलं होतं? माझं म्हणणं साधं होतं. सासूबाई गेल्या, मामंजी तिकडे एकटे, स्वतःपुरतं शिजवायचा कंटाळा करतात, तर त्यांना इकडे आपल्याजवळ आणू या. त्यावर मामंजी फोनवर काय म्हणाले? अगदी शांतपणे, "गाडी येत असेल तर मी येतो."

गाडी! म्हणजे ती काळी फटफटी, यांच्या जन्माच्याही आधीची! अहो, लोक परदेशी येताना दोन बॅगा आणतात, आमचे मामंजी एक बॅग आणि एक लाकडी खोका घेऊन आले, आणि खोक्यात ही बया, मऊ पेंढ्याच्या गादीवर, चहूबाजूंनी गोधड्या गुंडाळून! माझं लग्न झालं तेव्हा मी सासरी बसने आले होते. उभ्याने. असो.

घरात पाऊल टाकल्या टाकल्या मामंजींनी बजावलं, "सूनबाई, माझी बॅग उघडायची नाही. गाडी रस्त्यावर आली तर उघडू. नाही आली तर ती परत आणि मीही परत." झालं! बॅग पलंगाखाली जशीच्या तशी, आणि मी रोज एकच सदरा धुतेय, कारण दुसरा बॅगेत! हसताय काय? सदऱ्याचं काही नाही हो, सदरा वाळतो. पण त्या वयात परत त्या रिकाम्या घरात जायचं, बोलायला भिंती… माझ्या जिवाला घोरच लागला. पण म्हटलं, होईल हो, देवाला काळजी! आणि देवापुढे उभी राहून चहा सोडला. गाडी रस्त्यावर येईपर्यंत चहा नाही.

मला वाटलं, आठवड्याचा प्रश्न आहे. भोळी मी!

नोंदणीच्या कचेरीत काचेमागे एक बाई. चष्मा कपाळावर आणि आवाज इतका हळू, की देवळातसुद्धा माणसं एवढं हळू बोलत नाहीत. "गाडी कोणत्या सालची?" यांनी साल सांगितलं. "पुरावा?" हे म्हणाले, "बाई, गाडीकडे बघा की!" "गाडी हा पुरावा नसतो. कंपनीचं पत्र लागेल." "कंपनी केव्हाच बंद पडली." "मग बंद पडल्याचं पत्र आणा." "कोणाकडून?" "कंपनीकडून."

आणि हे सगळं इतक्या प्रेमाने सांगितलं हो तिने, की रागवायचीसुद्धा सोय ठेवली नाही!

मग कुठून तरी जुन्या गाड्यांच्या मंडळाचा पत्ता लागला. मंडळ म्हणजे तीन आजोबा. आले, फटफटीभोवती फिरले, एकाने टाकीला कान लावला, एक चक्क जमिनीवर आडवा होऊन तिच्या खाली सरकला आणि तिथून डोळे पुसत बाहेर आला! "अशी गाडी आता पाहायला मिळत नाही," म्हणाला. मामंजींची छाती फुगली. मंडळाने पत्र लिहून दिलं, आणि त्या आनंदात चार चार कप चहा प्यायले. माझ्यादेखत! मी हसून "अजून साखर हवी का?" म्हणून विचारलं. देवाला काळजी, दुसरं काय!

पुढे तपासणी. तपासणीस उंच, हातात बॅटरी, आणि त्याच्याजवळ दोन कागद. पहिल्या कागदात लिहिलेलं, गाडी जुनी म्हणून मानायची तर कंपनीतून निघाली तश्शी हवी, काही नवं जोडायचं नाही. दुसऱ्या कागदात लिहिलेलं, गाडी रस्त्यावर न्यायची तर वळताना लुकलुकणारे दिवे हवेत. म्हणजे दिवे लावले तर ती जुनी नाही, आणि नाही लावले तर ती गाडी नाही! यांनी विचारलं, "मग आत्ता ही काय आहे?" तपासणीस विचार करून म्हणाला, "आत्ता हे फर्निचर आहे."

फर्निचर! मामंजींच्या तोंडावर!

"आणि वळताना मागच्याला कळणार कसं?" त्याने विचारलं. "असं!" म्हणून मामंजींनी हात बाजूला काढला तो असा झोकात, की तपासणीसाची टोपी पलीकडच्या ट्रकखाली. ती काढायला तो वाकला आणि त्याला फटफटीखाली दिसलं… "तेल गळतंय!" मामंजी शांत. "गळतंय म्हणजे आहे! ज्या दिवशी गळायचं थांबेल, त्या दिवशी घाबरा."

घरी आले आणि साखर सोडली. काय करणार? मला दुसरं येतं काय! हे म्हणाले, "अगं, तू साखर सोडून तपासणीस कसा विरघळेल?" म्हटलं, होईल हो, देवाला काळजी! आणि विरघळला! त्याच्या साहेबाला कुठलासा जुना नियम सापडला, इतक्या जुन्या गाडीला हाताची खूण चालते म्हणून. तेलाचं म्हणाल, तर गाडी उभी असेल तिथे खाली भांडं ठेवायचं, या अटीवर सुटलो. भांडं कोणाचं? माझी मोठी परात! द्या, म्हटलं, परात द्या, मी काय ओंजळीत पीठ मळेन.

नंबराची पाटी आली. मामंजींनी ती रुमालाने पुसली, बसवली, पुन्हा पुसली. मी लगबगीने चहाचं आधण ठेवलं… आणि हे दारातून म्हणतात, "पण चालवणार कोण?"

का? तर तिकडचं लायसन्स इथे चालत नाही! परीक्षा द्यायची! मी गॅस बंद केला. त्याच पावली देवापुढे गेले आणि मीठ सोडलं. मामंजी पहिल्याच घासाला म्हणाले, "सूनबाई, नवस तुझा, मग अळणी मी का जेवायचं?" म्हटलं, "मामंजी, एका पातेल्यात नवसाचं आणि बिननवसाचं दोन्ही शिजत नाही."

आता नीट ऐका हं, खरी गंमत इथे आहे. मामंजींच्या फटफटीला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. जुनी पद्धत. परीक्षेच्या नव्या गाडीला सगळं उलट! आणि आमच्या घरातले दोन्ही पुरुष त्या एकाच फटफटीवर चालवायला शिकलेले. मामंजी मोठ्या रुबाबात निघाले, गिअर बदलायला उजवा पाय दाबला… करकचून ब्रेक! पुन्हा निघाले, पुन्हा ब्रेक! परीक्षक शिट्टी वाजवायचीच विसरला. यांचंही तेच. मैदानभर दोघं बापलेक उचक्या देत फिरत होते, आणि हे वर मलाच ओरडतात, "पायाची सवय आहे ती, त्याला काय समजावून सांगू?"

दोन वेळा नापास, तिसऱ्यांदाही नापास. त्या संध्याकाळी मामंजी जेवले नाहीत. म्हणाले, "माझं परतीचं बघा." एवढंच. बॅग स्वतःच पलंगाखालून ओढून दाराशी नेऊन ठेवली. काय सोडू आता? सोडायला शिल्लक काय होतं माझ्याकडे? आणि तरी, वेड्यासारखं, मनात तेच… होईल हो!

दुसऱ्या दिवशी परीक्षकाचे पाय धरायचेच बाकी ठेवले. तो म्हणाला, "बाई, यांना शिकवायचं तर आधी विसरायला शिकवावं लागेल. मला असा माणूस आणून द्या, ज्याला काहीच येत नाही!" आणि यांनी माझ्याकडे पाहिलं. संसाराला इतकी वर्षं झाली, पण इतक्या विश्वासाने पहिल्यांदाच!

यांची जुनी पँट घातली, डोक्यावर ते शिरस्त्राण, आत देवाचं नाव घेतलं की बाहेर घुमायचं! चार वेळा पडले, गुडघे फुटले. पण माझ्या पायाला कसली सवयच नव्हती, सांगाल तिकडे जायचा. पास झाले! खरंच! परीक्षकाने हात जोडले. मला नव्हे, वर आकाशाला.

घरी येऊन फटफटीवर बसले, मामंजींनी ऐटीत किक मारली, निघाले, कोपऱ्यावर थांबायला म्हणून उजवा पाय दाबला… आणि गाडी वरच्या गिअरमध्ये! अहो, आता माझंच उलटं झालं होतं ना! शेजाऱ्यांच्या कुंपणाने थांबवलं, नाहीतर आज मी तुमच्यासमोर नसते.

तेव्हापासून मामंजी मागे बसतात. "सूनबाई, डावा! डावा पाय, डावा!" असा आमचा घोष रस्ताभर. त्यांची बॅग उघडली, सदरे कपाटात गेले, चहा, साखर, मीठ सगळं परत आलं. परवा भीतभीतच विचारलं, "मामंजी, आता जायचं मनात नाही ना?" तर खेकसले, "जाणार कसा? तुला अजून ब्रेक कुठे कळतोय!"

कळतो हो. केव्हापासून कळतो! पण खोटं बोलायचं नाही, हा माझा नियम आहे. पायाने चुकायचं नाही, असा काही नियम नाही. म्हणून रोज एकदा, रस्ता मोकळा बघून, देवाचं नाव घेते आणि दाबते उजवा!