बारा हजार की बारा लाख?

नाही, मला एक सांगा, बारा हजार आणि बारा लाख ह्यांत काही फरक आहे की नाही? आहे ना? अहो, शाळेत एक शून्य चुकलं तर मास्तर कान धरायचे, आणि इथे दोन-दोन शून्यं हवेत, आणि ती पुस्तकं छापणाऱ्याचा कान धरणारा कोणी नाही! तुम्हाला सांगतो, माझं अख्खं बालपण त्या दोन शून्यांत गेलं...

आमच्या बाबांना जुनी नाणी जमवायचा नाद. नाद म्हणजे कसला, वेडच! कपाटाचा वरचा खण नाण्यांचा, खालच्या खणात आमचे कपडे, तेही दाटीवाटीने. आणि त्या सगळ्यांत एक लाडकं, मधोमध भोक असलेलं तांब्याचं. आम्हा पोरांना कधी कोणी इतकं जपून हातात धरलं नसेल. बाबांकडे एक लाल पुस्तक होतं, नाण्यांची मार्गदर्शिका. त्यात लिहिलेलं, त्या साली टांकसाळीने ही नाणी पाडली फक्त बारा हजार. भाव चाळीस हजार. झालं! बाबा आईला म्हणायचे, "उद्या मी नसलो तरी तुला काळजी नाही. हे नाणं आहे."

आणि आई? ती तर शेजारणीला सांगायची, "मला कसली चिंता! माझं नाणं आहे कपाटात."

आता दर रविवारी सकाळी आमच्याकडे घड्याळकाका यायचे. काका म्हणजे बाबांचे मित्र, कोपऱ्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान. जगाची घड्याळं वेळेवर चालवणारा माणूस, आमच्याकडे मात्र दहाला येतो म्हणून सांगायचा आणि साडेनऊला टपकायचा! त्यांच्या काखेत हिरवं पुस्तक. त्या हिरव्या पुस्तकात तेच नाणं, तेच साल, तेच भोक... आणि पाडली किती? बारा लाख! भाव? चाळीस! नुसते चाळीस, पुढे काही नाही!

मग काय विचारता! बाबा चष्मा कपाळावर चढवून, "बारा हजार! हे बघ, छापलंय!"

काका नाकातून, "अहो बारा लाख! हे काय, इथेही छापलंय!"

"तुझ्या पुस्तकात वितळवलेली नाणीही धरलीत!"

"आणि तुमच्यात एकाच टांकसाळीची मोजलीत! दुसरी काय लाटणी करत होती?"

चहा गार, आई पुन्हा गरम करणार, पुन्हा गार. इकडे माझ्या क्रिकेटचे तीन-तेरा, कारण मला मध्ये बसवून दोघंही विचारायचे, "तू सांग, खरं कुठलं?" मी काय सांगणार, कपाळ? दोन्हीकडे छापलंय!

एकदा तर मी मोठा झाल्यावर टांकसाळीत फोन केला. म्हटलं, ज्यांनी पाडली त्यांनाच विचारू. पलीकडचे साहेब म्हणाले, "कुठलं साल?... बरं... तुमच्याकडे पुस्तक नाही का एखादं? त्यात बघा, छापलेलं असतं." घ्या!

आणि नवी आवृत्ती निघाली की दोघंही धावत आणायचे, आज तरी निकाल लागेल म्हणून. कसला निकाल! लाल पुस्तक भाव चढवायचं, हिरवं उतरवायचं. सख्ख्या भावांनी बापाचं वय वेगवेगळं सांगावं, तसला प्रकार!

गेल्या वर्षी बाबा गेले. घर कसं गप्प झालं. मला वाटलं, आता रविवार मोकळा. छे हो! मोकळा रविवार खायला उठतो, हे मला तेव्हा कळलं. काका येतात अजून, काठी टेकत, हिरवं पुस्तक घेऊन. बसतात. चहा घेतात. भांडायला कोणी नाही, म्हणून चहा गरमच संपतो... फार वाईट वाटतं.

तर मागच्या आठवड्यात आईचे गुडघे बोलायला लागले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन. मी पैशांचं बघतोच आहे, पण आई ऐकेल तर शपथ! "तू कशाला खर्चात पडतोस? माझं नाणं आहे ना!" मी म्हटलं ठीक, लागू दे एकदाचा सोक्षमोक्ष. नाणं घेतलं, लाल पुस्तक घेतलं, काकांचं हिरवं मागून घेतलं आणि गेलो बाजारातल्या नाणीवाल्याकडे.

त्याने भिंग लावलं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मी विचारलं, "बारा हजार की बारा लाख?"

तो म्हणाला, "बारा जरी असती तरी काय उपयोग साहेब? नाणं घासलंय."

"म्हणजे?"

"प्रस्तावना वाचली नाही वाटतं? कोणीच वाचत नाही." आणि त्याने लाल पुस्तक उघडलं, पहिलंच पान. हिरवं उघडलं, पहिलंच पान. अहो, ज्या दोन पुस्तकांचं जन्मात कशावर एकमत झालं नाही, त्यांच्यात एक ओळ शब्दन् शब्द सारखी... "घासलेल्या नाण्याला संग्रहात किंमत नाही." ठळक अक्षरांत. छापलंय!

आणि मी तिथेच, त्याच्या स्टुलावर बसलो हो. कारण मला सगळं आठवलं.

मी लहान होतो. बाबा कामासाठी परगावी गेलेले. ते नेहमी कुरकुरायचे, ह्या नाण्यावरचं साल नीट दिसत नाही. म्हणून आईने काय करावं? भांड्यांची पावडर घेतली, जुना टूथब्रश घेतला आणि दुपारभर बसून ते नाणं घासून घासून लख्ख केलं! बाबा आले तशी तिने ते त्यांच्या तळहातावर ठेवलं. "बघा, आता दिसतंय की नाही साल?" बाबा नाणं घेऊन खिडकीपाशी गेले. बराच वेळ पाठमोरे उभे. मग वळले आणि म्हणाले, "वा! टांकसाळीतूनसुद्धा इतकं चकचकीत निघालं नसेल."

त्या रविवारी काका आले. डोळ्याला भिंग लावलं. नाण्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, मग चहा घेऊन उभ्या असलेल्या आईकडे बघितलं. आणि एकदम ओरडले, "काय सांगता, बारा हजार? अहो, बारा लाख!"

भांडण त्या दिवशी सुरू झालं! त्याआधी कधीच नव्हतं! दोघांनाही ठाऊक होतं, दोघांच्याही पुस्तकांत छापलेलं होतं, आणि दोघं म्हातारे होईपर्यंत भांडले... कशासाठी? तर आईला पहिलं पान कधी दिसू नये म्हणून!

काल रविवार. काका बसलेले, आईही बसलेली. आई म्हणाली, "काय रे, काय म्हणाला नाणीवाला? बारा हजार ना?"

काकांनी कप खाली ठेवला.

मी चष्मा कपाळावर चढवला. म्हटलं, "बारा हजारच! लाल पुस्तक खरं! पण भाव चढणार आहे, इतक्यात विकायचं नाही असं म्हणाला. तोवर ऑपरेशनचं मी बघतो."

काकांचा चेहरा असा उजळला म्हणता! काठी आपटून ओरडले, "हॅट्! बारा लाख! हे काय, छापलंय!"

"वितळवलेली धरलीत!"

"दुसरी टांकसाळ विसरलात!"

चहा गार झाला हो! वर्षभराने आमच्या घरात चहा गार झाला!

आणि आई? आईने माझ्या हातातलं नाणं काढून घेतलं, उजेडात धरलं आणि म्हणाली, "शी! किती काळं पडलंय. बसा तुम्ही भांडत, मी आणते घासून."

मी काकांकडे बघितलं, काकांनी माझ्याकडे. आतून ब्रशचा खसाखसा आवाज... आता तुम्ही म्हणाल, अडवायचं नाही का तिला? अहो, कशाला अडवायचं? घासू दे! फुकटाच्या खाली भाव उतरल्याचं अजून तरी कुठल्याच पुस्तकात छापलेलं नाही!