आधी मी सांगणार

बुधवारी शैलजाताईंनी नेहमीसारखी तीन अबोल जोडपी बोलती केली, घरी येऊन मेथी निवडली आणि गुरुवारी सकाळी त्या गेल्या. आठवड्यानं त्यांची मुलगी वैदेही जालन्यातलं त्यांचं समुपदेशन केंद्र बंद करायला आली, तर बाकावर धावडा गावचं एक जोडपं आधीच बसलेलं.

"मॅडमला आधी मी सांगनार!"

"तू न्हाई, मी. बोललो मी ना?"

"माझ्या सासूसमोर बोलले! 'हिचंच बराबर हाय, माय.' सात वर्षांत पह्यल्यांदा!"

"आवाज कापून राह्यल्ता माझा."

"कापू द्या! ऐकता ऐकता माझी भाकर जळली."

"अन् जळकी मलाच वाढली."

"मंग! ओ ताई, मॅडम आल्या का?"

"आई गेली. मागच्या गुरुवारी."

दोघं उभी राहिली. वैदेही आईच्या रिकाम्या खुर्चीकडे वळली.

"आई, तुझं काम मला कधी कामच वाटलं नाही. चुकले मी. फार मोठं काम केलंस तू."