नारिंगी पट्टा

बाबा: थांबलास का? वाजव की परत.

मुलगा: वाजवलं ना बाबा. तीनदा वाजवलं.

बाबा: मग?

मुलगा: छान आहे.

बाबा: छान म्हणजे काय?

मुलगा: म्हणजे... स्वच्छ आहे.

बाबा: असणारच. एक सूर दुसऱ्याच्या अंगावर पडतोय का बघ. आधी कसं, घशात हाड अडकल्यासारखा बोलायचा हा अ‍ॅम्प.

आई: अहो, रेडिओ कुणी लावलाय?

मुलगा: रेडिओ नाही आई. माझी गिटार आहे.

आई: तुझी? बरं नाही का तिला?

बाबा: बरं नव्हतं. आता बरं आहे.

मुलगा: बाबा, मी अ‍ॅम्प फक्त पिन बदलायला दिला होता. ढिली झाली होती म्हणून.

बाबा: पिन बदलली. मग म्हटलं अ‍ॅम्प पंचवीस वर्षांनी घरी आलाय, जरा पोट उघडून बघू.

मुलगा: तुम्ही सील फोडलंत?

बाबा: माझंच सील. मी नाही फोडायचं तर कुणी?

आई: कसलं सील?

मुलगा: मागच्या स्क्रूवर लाल ठिपका असतो ना. दुसऱ्या कुणी उघडलं तर कळावं म्हणून बाबा लावतात.

आई: तो? ते माझं नेलपॉलिश. अख्खी बाटली संपवली होती दुरुस्तीच्या दुकानात नेऊन. मी तेव्हापासून लावणंच सोडलं.

बाबा: ठिपका मात्र जसाच्या तसा होता. कुणाला हात लावू दिला नाहीस?

मुलगा: दोन कंपन्यांचे इंजिनिअर मागे लागले होते. आत काय आहे ते बघू द्या म्हणाले. मी म्हटलं, वडिलांचं सील आहे.

बाबा: हं.

आई: बरं, कौतुकं नंतर करा. पाचला याला न्यायला गाडी येणार आहे. सातला कार्यक्रम. याच्या बँडला, ‘राखरांगोळी’ला, पंचवीस वर्षं झाली आज. चार हजार माणसं येणार आहेत याचं बोंबलणं ऐकायला.

मुलगा: बोंबलतो तो आमचा गायक, आई. मी गिटार वाजवतो.

आई: तेच ते. तर सातला हे असं गुळमुळीत वाजवणार आहेस का?

बाबा: गुळमुळीत?

मुलगा: आई, जाऊ दे.

आई: का जाऊ दे? तुझे सगळे कार्यक्रम ऐकलेत मी, पहिल्या रांगेत बसून, कानात कापूस घालून. त्या स्मशानाच्या गाण्याला तर कापूस काढते. ते तू सुरू केलंस की माझी खुर्ची हलते. आज खुर्ची हलली नाही तर मी घरी बसलेली काय वाईट?

बाबा: खुर्ची हलणं हा यंत्रातला दोष असतो.

मुलगा: बाबा, तुमचं काम चोख आहे. त्याबद्दल काही म्हणणं नाही माझं.

बाबा: मग तोंड असं का केलंयस, कुणी गेल्यासारखं?

मुलगा: कारण गेलंय. आमचा आवाज गेलाय. नऊ अल्बम केले आम्ही. तीन ड्रमर बदलले, दोन गायक बदलले. एकाने लग्न केलं, एकाने विम्याची एजन्सी घेतली. आवाज तोच राहिला. लोक डोळे मिटून ओळखतात. दुसऱ्या बँडची पोरं वीस वर्षं झटतायत तो काढायला. एका मासिकाने दोन पानं छापली होती नुसती त्या आवाजावर.

बाबा: वाचलीत.

मुलगा: कधी?

बाबा: आली तेव्हा. कात्रण आहे. ‘जमिनीखालून कुणीतरी फरफटत वर येतंय असा आवाज.’ एक्केचाळीस वर्षं दुकान चालवलं, माझ्या कामाबद्दल असं कुणी लिहिलं नव्हतं.

मुलगा: तुमच्या कामाबद्दल?

बाबा: मग काय. चूक माझी आहे ती.

आई: आता बोललात. पंचवीस वर्षांनी का होईना.

मुलगा: कसली चूक?

बाबा: तुमचा पहिला कार्यक्रम आठवतो? शाळेच्या हॉलमधला?

मुलगा: आदल्या दिवशी अ‍ॅम्प जळाला होता. तुम्ही दुकान बंद करून तो घेऊन बसला होतात.

बाबा: एक रेझिस्टर बदलायचा होता. शेंगदाण्याएवढा असतो. अंगावरच्या रंगांच्या पट्ट्यांवरून तो वीज किती अडवतो ते कळतं. मला लाल पट्ट्याचा हवा होता, मी नारिंगी पट्ट्याचा बसवला. दसपट फरक पडतो.

मुलगा: तुम्ही? रंग चुकलात?

बाबा: डोळ्यांच्या डॉक्टरने चष्मा दिला होता. मी घालत नव्हतो.

आई: गिऱ्हाईक म्हाताऱ्याकडे काम देत नाही म्हणे. एकोणपन्नास वय होतं.

बाबा: दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डब्यांतले रेझिस्टर मोजले. लालमध्ये एक जास्त, नारिंगीत एक कमी. कपाळावर हात मारला. म्हटलं, उद्या घेऊन येतो आणि बदलतो.

मुलगा: मग का नाही बदललात?

बाबा: तेवढ्यात तू आलास नाचत. बाबा, काय आवाज आला म्हणून सांगू, हेडमास्तरांनी मेन स्विच बंद केला! इतका खूष मी तुला दहावीच्या निकालालाही बघितला नव्हता. म्हटलं, उद्या सांगू. उद्या उद्या करता करता तू प्रसिद्ध झालास.

मुलगा: म्हणून तुम्ही एकदाही कार्यक्रमाला आला नाहीत?

बाबा: एकदा आलो होतो. मैदानावर होता तो. फाटकापाशी उभा राहिलो. तू पहिला घाव घातलास, लोक ओरडायला लागले आणि मला नुसता तो नारिंगी पट्टा दिसायला लागला. माझं एक चुकलेलं काम, आणि ते एवढ्या मोठ्या स्पीकरवरून सगळ्या गावाला ऐकवतायत. निघून आलो.

मुलगा: मला वाटायचं तुम्हाला माझी लाज वाटते. केसांची. कवटीच्या टी-शर्टाची. मुलाखतीत विचारलं की मी सांगायचो, वडिलांना संगीतात रस नाही.

बाबा: तेही वाचलंय.

मुलगा: बाबा...

बाबा: लाज वाटायची, पण तुझी नाही. माझी. केसांचं मी काही म्हटलं का कधी?

आई: म्हणालात. बेसिन तुंबतं म्हणालात.

बाबा: ते प्लंबिंगबद्दल होतं.

मुलगा: बाबा, एक मागू? तो जुना रेझिस्टर टाकला नाही ना तुम्ही?

बाबा: मी काही टाकत नाही. बिस्किटाच्या डब्यात आहे, तारखेची चिठ्ठी लावून.

मुलगा: परत बसवाल?

बाबा: काय?

मुलगा: तोच. त्याच जागी.

बाबा: म्हणजे जाणूनबुजून चुकीचा? उभ्या आयुष्यात केलेलं नाही मी असं काम. हलगर्जीपणा वेगळा. हे म्हणजे...

मुलगा: लोक त्याला चूक म्हणत नाहीत बाबा. एकदा गाडी बंद पडली म्हणून आम्ही सात तास उशिरा पोहोचलो. अंगात ताप होता, हॉल गळत होता. नऊशे माणसं तशीच थांबली होती. पहिला सूर वाजला आणि पुढच्या रांगेतला एक दाढीवाला माणूस रडायला लागला. तो माझ्या बोटांवर नाही रडला. माझ्यासारखी बोटं शंभर जणांकडे आहेत.

बाबा: रडला?

मुलगा: हुंदके देऊन.

बाबा: एका रेझिस्टरवर.

आई: अहो, अडीच वाजले. बसवताय की मी त्याला शेजाऱ्यांच्या मिक्सरवर वाजवायला सांगू?

बाबा: बिस्किटाचा डबा आण. वरच्या फळीवरचा. आणि तू गिटार बाजूला ठेव. सोल्डर वितळवून तुला लावावं लागेल, माझा हात थरथरतो आता. काल लाल बसवायला चार तास लागले.

मुलगा: चार तास?

बाबा: तुला सकाळी तयार हवा होता ना? थांब. आधी चष्मा काढून ठेवतो.

मुलगा: चष्मा का काढताय?

बाबा: त्या दिवशीही नव्हता. काम करायचं तर तंतोतंत करावं.

(बऱ्याच वेळाने अ‍ॅम्प सुरू होतो. गिटारचा एकच सूर. भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडतं.)

आई: हां. आता आला माझा मुलगा घरी.

मुलगा: बाबा?

बाबा: सोल्डर जरा जास्त लावलंस. बाकी ठीक. नेलपॉलिश आहे का गं?

आई: मी सोडलं म्हटलं ना. सुनेने एक बाटली ठेवली होती इथे, काळी आहे.

बाबा: चालेल. घट्ट बसला ना स्क्रू? हा लावला ठिपका. आता कुणी उघडायचा नाही. मीसुद्धा.

मुलगा: गाडीत तीन माणसं बसतात, बाबा.

आई: ऐकताय का? बाहेर काढलाय तुमचा निळा शर्ट. इस्त्री सकाळीच केली होती. कापूस घेतलाय पिशवीत, तुमच्यासाठी दोन बोळे जास्तीचे.

बाबा: कापूस नको. माझी चूक आहे, नीट ऐकू दे.